अलकापुरीतला वर्ग एडिसनला कसा न्यावा

ताई, आपल्या प्रश्नाचा आशय असा. वडोदऱ्यात अलकापुरीला आपला फिटनेस स्टुडिओ आहे आणि मांजलपूरला त्याची दुसरी शाखा. ५० मिनिटांच्या वर्गात सूर्यनमस्कार, दंड-बैठका, मुद्गल, गदा आणि शेवटी रोप मल्लखांबाची तोंडओळख असा क्रम आपण बसवला आहे, आणि एका बॅचला १६ च्या वर माणसे घेत नाही. आपला एक जुना सभासद न्यू जर्सीत एडिसनला स्थायिक झाला असून ‘सबंध अमेरिकेचे हक्क’ म्हणून एकरकमी ४०,००० डॉलर द्यायला तयार आहे. ब्रिटनमधल्या लेस्टरहून आणखी एका कुटुंबाने विचारणा केली आहे. हे देऊन टाकावे का, आणि द्यायचे तर आंतरराष्ट्रीय फ्रँचायझीपर्यंत नीट कसे पोहोचावे, असे आपण विचारता.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आत्ता देऊ नये. साधारण दीड-दोन वर्षांनी देता येईल, पण तेव्हाही ४०,००० डॉलरला सबंध अमेरिका देऊ नये. गेली २२ वर्षे मी व्यायामशाळा आणि स्टुडिओ यांच्या शाखाविस्ताराचेच काम करतो, आणि परदेशी फ्रँचायझी फसतात त्या बहुधा परदेशात फसत नाहीत. त्या घरच्या दुसऱ्या शाखेत आधीच फसलेल्या असतात, मालकाला ते दिसलेले नसते एवढेच.

हे लिहिण्यापूर्वी मी एक आगाऊपणा केला, त्याबद्दल क्षमा असावी. गेल्या मंगळवारी ओळख न देता, चाचणी वर्गाचे पैसे भरून, मी मांजलपूरच्या सकाळी ६ च्या बॅचला उभा राहिलो. शटर ६ वाजून ४ मिनिटांनी वर गेले, कारण किल्ली एकाच प्रशिक्षिकेकडे असते आणि तिची स्कूटर वाटेत बंद पडली होती. वर्ग ६ वाजून ११ मिनिटांनी सुरू झाला आणि ठरल्या वेळीच संपवायचा म्हणून गदेचा भाग गाळला गेला. प्रशिक्षिका चांगली आहे, आवाज खणखणीत आहे, मोजणी चुकत नाही. पण माझ्या शेजारच्या बाईंनी चपला काढता काढताच ‘माझी कंबर धरते हो’ असे मला सांगितले होते, आणि त्या पुढे वाकताना दर वेळी गुडघे ताठ ठेवून सगळा ताण पाठीवर घेत होत्या. बारा नमस्कारांत त्यांच्याकडे एकदाही कोणी वळले नाही. अलकापुरीत आपण घेत असलेला वर्ग मी पूर्वी पाहिला आहे; तिथे ही बाई दुसऱ्या नमस्कारालाच आपल्या नजरेत भरली असती. आपल्या स्टुडिओचे जे नाव झाले आहे ते या नजरेमुळे झाले आहे, आणि एडिसनच्या गृहस्थांना आपण नेमकी तीच देऊ शकत नाही, कारण ती अजून कागदावर उतरलेलीच नाही.

म्हणून पहिले काम कार्यपुस्तिकेचे. आपण पाठवलेला मसुदा मी वाचला. त्यात एक वाक्य असे आहे: ‘विद्यार्थ्याच्या क्षमतेनुसार सोपा पर्याय द्यावा.’ हे वाक्य खरे आहे आणि निरुपयोगी आहे. ज्याला पर्याय कोणता हे ठाऊक आहे त्याला ते वाचायची गरज नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ते वाचून काही कळणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘नोंदणी अर्जात कंबरदुखी लिहिलेल्या व्यक्तीला पहिल्या रांगेत, प्रशिक्षकाच्या उजव्या हाताला उभे करावे. हस्तपादासनात तिला गुडघे वाकवून तळहात पोटऱ्यांवर ठेवायला सांगावे. पहिल्या तीन नमस्कारांत किमान एकदा तिच्या बाजूला जाऊन पाठ पाहावी.’ या तीन वाक्यांत कोणी, कुठे, केव्हा आणि काय हे सगळे आले. वर्गाचे प्रत्येक मिनिट, दुखापतीची नोंद, सभासदाने पैसे परत मागितले तर काय बोलावे, किल्लीच्या दोन प्रती कोणाकोणाकडे असाव्यात, हे सारे असेच लिहायचे आहे. पुस्तिका लिहून झाली की ती आपल्या सगळ्यात हुशार प्रशिक्षिकेकडे देऊ नका. नव्याने लागलेल्या मुलीला द्या आणि आपण पंधरा दिवस तिकडे फिरकू नका.

हा विचार आपल्या गावाला नवा नाही. दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव व्यायाम शिकवत, आणि १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे केले. आखाड्यात उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे घालवून विद्या पुढे जाई. ती पद्धत आजही श्रेष्ठ आहे, पण तिच्यावर फ्रँचायझी उभी राहत नाही, कारण फ्रँचायझी घेणारा सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन घरी जाणार असतो. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडची लेस मिल्स ही कंपनी आहे. ती दुसऱ्यांच्या जिममध्ये आपले ठरवून बसवलेले वर्ग चालवायला देते. संगीत, हालचाली आणि सूचना आधीच बांधलेल्या असतात आणि दर तीन महिन्यांनी नवा संच येतो. एवढे काटेकोर व्हायची आपल्याला गरज नाही, पण आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभे आहोत हे ठरवल्याशिवाय किती रॉयल्टी, म्हणजे शाखेच्या जमेतला आपला वाटा, मागावी हेही ठरणार नाही.

येथेच एक कायद्याचा मुद्दा. आपला व्यायामक्रम आपल्या मालकीचा आहे अशी समजूत असेल तर ती सोडावी. योगासनांच्या ठरावीक क्रमावर कॉपीराइट मिळत नाही, असा निकाल अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बिक्रम योगाच्या प्रकरणात दिला आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाचीही २०१४ मध्ये आसनांबाबत तीच भूमिका होती. आपली पुस्तिका, चित्रफिती आणि छायाचित्रे यांच्यावर हक्क राहतो, क्रमावर नाही. उद्या कोणी समोरच्या इमारतीत हाच क्रम वेगळ्या नावाने शिकवू लागला तर त्याला थांबवता येणार नाही. मग फ्रँचायझी घेणारा पैसे कशाचे देतो? नावाचे, प्रशिक्षणाचे, आणि तो अडेल तेव्हा फोन उचलणाऱ्या माणसाचे.

नावाची, म्हणजे ट्रेडमार्कची, नोंदणी म्हणून आजच करावी. या नोंदणीत वस्तू आणि सेवांचे क्रमांकित वर्ग असतात; व्यायाम-प्रशिक्षणासाठी वर्ग ४१ लागतो. आपण टी-शर्ट विकता म्हणून वर्ग २५ आणि मुद्गल-गदा विकता म्हणून वर्ग २८ घ्यावा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलचा, म्हणजे ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या कराराचा, सदस्य असल्याने भारतातल्या अर्जाच्या आधारावर एकाच अर्जाने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे संरक्षण मागता येते. मात्र पहिली पाच वर्षे ही सगळी इमारत भारतातल्या मूळ नोंदणीवर उभी असते. ती इथे कोसळली तर बाहेरचीही कोसळते. त्यामुळे ‘सूर्य’, ‘शक्ती’, ‘योग’ यांसारख्या सर्वांच्या शब्दांवर बेतलेले नाव असेल तर कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि शाखा दोनच आहेत तोवर नाव बदलणे स्वस्त पडते.

हे मी पोळून शिकलो आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी माझ्या एका ग्राहकाने आखाती देशातल्या भागीदाराला स्टुडिओ उघडायची परवानगी दिली. करार मीच तपासला होता. तिथे नाव कोणी नोंदवायचे याचे कलम त्यात होते, पण नोंदणी झाल्याशिवाय दार उघडायचे नाही हे कलम मी घातले नव्हते. भागीदाराने आधी स्टुडिओ उघडला आणि मग नाव स्वतःच्या कंपनीच्या नावे नोंदवले. दोन वर्षे भांडून शेवटी आमच्याच ग्राहकाला त्या देशापुरते दुसरे नाव घ्यावे लागले. चूक भागीदाराची होती तितकीच माझीही होती, आणि त्या कामाचे शुल्क मी परत केले.

आता पैशाकडे वळू. सगळा निकाल इथे लागतो, आणि नेमके हेच बहुतेक मालक उलट्या बाजूने मोजतात. आपल्याला किती मिळेल हे नंतर पाहू. आधी एडिसनच्या गृहस्थांच्या हाती किती उरेल ते मांडू. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष भाडे आणि पगार तिथे जाऊनच कळतील. समजा १४० सभासद महिन्याला १२० डॉलर देतात, म्हणजे जमा १६,८०० डॉलर. भाडे ५,०००, प्रशिक्षकांचे मानधन ५,५००, विमा, संगीत परवाना आणि सॉफ्टवेअर मिळून १,२००, वीज व सफाई ९००. हे १२,६०० डॉलर सभासद आले काय किंवा न आले काय, जाणारच. यावर आपली ७ टक्के रॉयल्टी, २ टक्के जाहिरात निधी आणि कार्डाने पैसे घेण्याचा सुमारे ३ टक्के खर्च, म्हणजे जमेच्या १२ टक्के, २,०१६ डॉलर. उरले २,१८४. त्यातून कर्जाचा हप्ता आणि त्या गृहस्थांचा स्वतःचा पगार निघायचा आहे. सभासद ११० वर आले की त्याच हिशेबात दरमहा ९८४ डॉलर खिशातून घालावे लागतात. तोटा थांबतो तो १२० व्या सभासदाला.

आता आपला तो १६ जणांच्या बॅचचा नियम आठवावा. १२० सभासद आठवड्याला तीनदा येतात असे धरले तर ३६० हजेऱ्या होतात, म्हणजे भरगच्च चालले तरी आठवड्याला २३ वर्ग. प्रत्यक्षात बॅच सरासरी ११-१२ जणांचीच होते, म्हणून ३० ते ३३ वर्ग लागतात. ५,५०० डॉलरमध्ये तेवढे वर्ग घेणारे प्रशिक्षक मिळतील का, हा प्रश्न त्या गृहस्थांनी आपल्याला विचारलेला नाही, आणि म्हणूनच त्यांची घाई मला काळजीची वाटते. बहुधा पहिली दोन वर्षे निम्मे वर्ग ते आणि त्यांच्या पत्नी घेतील, नोकरी सांभाळून. वडोदऱ्यातला मुरलेला सभासद उत्तम शाखाचालक होईलच असे नाही. ज्याला व्यायाम आवडतो त्याला पहाटे ५ ला शटर उघडणे आवडेल असे गृहीत धरू नये.

याच हिशेबातून आपल्या वाट्याला काय येते? रॉयल्टीचे १,१७६ डॉलर. भारत-अमेरिका कर-करारानुसार तिथे रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जाऊ शकतो, म्हणजे हातात जेमतेम १,०००. त्या कापलेल्या कराची वजावट इथल्या प्राप्तिकरात मिळते, पण ती विवरणपत्र भरताना. सेवा परदेशात पुरवली आणि पैसे परकीय चलनात आले तर ती निर्यात ठरून हमीपत्राच्या आधारे जीएसटी लागत नाही, एवढे समाधान. एका स्टुडिओच्या या हजार डॉलरमधून वर्षातून एक अमेरिकावारी, प्रशिक्षकांची परीक्षा, वकील आणि रात्री अकराला येणारे फोन भागत नाहीत. एका भागात पाच-सहा स्टुडिओ झाले तरच परदेश परवडतो. त्यासाठी मास्टर फ्रँचायझी, म्हणजे सबंध प्रदेशाचे हक्क घेऊन पुढे स्टुडिओ देणारा मध्यस्थ, नेमला तर तो रॉयल्टीत मोठा वाटा, पुष्कळदा निम्मा, मागतो. मग आपले हजार डॉलर पाचशेवर येतात, आणि हे ठाऊक असूनच तो सौदा करायचा असतो.

एडिसनच्या गृहस्थांचे ४०,००० डॉलर एकदाच येणार आहेत आणि अमेरिका कायमची जाणार आहे, हे वेगळे सांगायला नको. तरी सुरुवातीच्या शुल्काविषयी एक सांगतो. ते प्रशिक्षण, आराखडा आणि उद्घाटनाच्या मदतीचा खर्च भागेल एवढेच ठेवावे. त्यावर घर चालू लागले की माणूस पात्रता न पाहता फ्रँचायझी विकू लागतो, कारण या महिन्याचा पगार पुढच्या सहीवर अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियातून वाढलेली एफ ४५ ही फिटनेस स्टुडिओंची कंपनी जुलै २०२१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात १६ डॉलर भावाने उतरली. वर्षभरातच, जुलै २०२२ मध्ये, नव्या स्टुडिओंचा अंदाज तिला फार मोठ्या प्रमाणात खाली आणावा लागला, प्रमुख पायउतार झाले, मोठी नोकरकपात झाली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारातून ती बाहेरही पडली. त्यांचा वर्ग वाईट नव्हता. वाढीचा सगळा भार नव्या दारांवर होता, जुन्या दारांतल्या सभासदांवर नव्हता. याउलट क्रॉसफिट ही अमेरिकेतली व्यायाम-कंपनी टक्केवारी घेतच नाही. वर्षाला ठरावीक रक्कम घेते, नाव वापरू देते आणि वर्ग कसा घ्यावा यात फारशी ढवळाढवळ करत नाही. तो मार्ग स्वस्त आहे, पण आपल्याला कंबरदुखीच्या बाईंची काळजी असेल तर तो आपला नव्हे.

भारतातला पहिला प्रयोग मी परदेशाच्या आधी का सांगतो आहे, हे आता लक्षात येईल. माझे मत असे की पहिली फ्रँचायझी इंदूरला द्यावी. भाषेची अडचण नाही, आखाड्याची आणि मल्लखांबाची ओळख तिथल्या लोकांना आहे, आणि ते अंतर असे आहे की अडचण आली तर एका रात्रीत पोहोचता येते, पण रोज सकाळी डोकावता येत नाही. नेमके हेच अंतर हवे. भारतात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही; १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा यांवरच काम चालते. करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यावर ‘तुम्ही हा धंदा करायचा नाही’ ही अट बहुतेक टिकत नाही, करार चालू असतानाची टिकते. म्हणून सोडून जाणाऱ्याला अटीने बांधण्यापेक्षा दूरध्वनी क्रमांक, सभासदांची यादी आणि बुकिंगचे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर ठेवावे.

इंदूरच्या हिशेबात एक नवा खड्डा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, सभासद खूश झाले, पण त्याबरोबर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, गेले. आपण इंदूरच्या चालकाकडून रॉयल्टी घ्याल त्यावर १८ टक्के कर लावाल आणि त्याला तो वळता करता येणार नाही. त्याच्या दृष्टीने ७ टक्के रॉयल्टी म्हणजे ८.२६ टक्के. भाड्यावरचा आणि उपकरणांवरचा करही त्याच्याच अंगावर पडतो. भारतात मी आपल्या जागी असतो तर ५ टक्क्यांच्या वर गेलो नसतो.

इंदूर वर्षभर चालले की मग लेस्टर, एडिसन नव्हे. ब्रिटनमध्ये फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, ब्रिटिश फ्रँचायझ असोसिएशनचे नियम ऐच्छिक आहेत, त्यामुळे चांगला वकील आणि खरी माहिती एवढ्यावर सुरुवात होते. तिथे हिशेबातला खड्डा वेगळ्या ठिकाणी आहे. वर्षाची उलाढाल ९०,००० पौंडांच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी करावी लागते आणि खासगी जिमच्या शुल्कातून २० टक्क्यांनी कर द्यावा लागतो. महिना ६० पौंड शुल्क असेल तर १२५ सभासदांपर्यंत ही मर्यादा ओलांडली जात नाही. १२६ वा आला की सगळ्यांच्याच शुल्कातून कर जातो. म्हणून त्या कुटुंबाने पहिल्या दिवसापासून व्हॅट धरूनच दर लावावा. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागात आपली गुजराती माणसे भरपूर आहेत, त्यामुळे पहिले ५० सभासद लवकर मिळतील, आणि हाच तिथला मोह आहे. आपली माणसे ओळखीवर येतात, ओळखीवर सवलत मागतात आणि नवरात्र जवळ आली की सगळी संध्याकाळच्या गरब्याच्या सरावाला जातात. दुसऱ्या गल्लीतला, ज्याला मुद्गल म्हणजे काय हे ठाऊक नाही असा माणूस पूर्ण दर देऊन तीन महिने टिकला, तरच वर्ग तिथे रुजला असे मी म्हणेन.

अमेरिकेचे प्रकरण जड आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे फ्रँचायझी देणाऱ्याला २३ प्रकरणांचा माहिती-दस्तऐवज, म्हणजे डिस्क्लोजर डॉक्युमेंट, करावा लागतो आणि सही किंवा पैसे यांच्या किमान १४ दिवस आधी तो समोरच्याच्या हाती द्यावा लागतो. त्यात तपासलेली आर्थिक पत्रके लागतात. नव्या देणाऱ्याला यात टप्प्याटप्प्याची सवलत आहे, म्हणून बहुतेक जण तिथे नवी कंपनी काढून तिच्यामार्फत व्यवहार करतात, आणि त्यासाठी इथून पैसे पाठवताना बँकेमार्फत परदेशात गुंतवणूक करण्याविषयीचे २०२२ चे नियम पाळावे लागतात. न्यूयॉर्क, मेरीलँड, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत तो दस्तऐवज आधी नोंदवावाही लागतो. ‘आपण याला फ्रँचायझी म्हणूच नये, लायसन्स म्हणावे’ असे आपल्या ओळखीच्या एका सीएंनी सुचवल्याचे आपण लिहिले आहे. नाव बदलून सुटका होत नाही. ट्रेडमार्क दिला, कामावर ठोस नियंत्रण किंवा मदत ठेवली आणि पैसे घेतले, की ती फ्रँचायझीच ठरते.

आणखी एक, याबाबत मात्र तातडीने. त्या गृहस्थांना आपण व्हॉट्सॲपवर ‘महिन्याला चार-पाच हजार डॉलर सहज सुटतील’ असे लिहिले आहे. उत्पन्नाविषयीचा असा कोणताही अंदाज माहिती-दस्तऐवजाच्या १९ व्या प्रकरणात आधारासह दिलेला नसेल तर तो देताच येत नाही. आपल्याकडे आज परदेशातला एकही स्टुडिओ नाही, म्हणजे आधारही नाही. आजच त्यांना कळवावे की तो अंदाज मागे घेत आहोत, आणि व्यवहाराची बोलणी सध्या थांबवत आहोत. कॅनडाकडून कोणी विचारले तर तिथेही सांभाळावे. ओंटारियोच्या २००० च्या कायद्यानुसार माहिती-दस्तऐवज दिलाच नसेल तर घेणारा दोन वर्षांपर्यंत करार मोडून पैसे परत मागू शकतो.

वर्गातून काय गाळायचे, हेही ठरवावे लागेल, आणि इथे मी आपल्या मनाविरुद्ध बोलणार आहे. रोप मल्लखांब परदेशी वर्गातून काढावा. त्याला छताची उंची लागते, छतात भार पेलणारी कडी लागते, खाली जाड गाद्या लागतात, आणि विमा कंपनीच्या अर्जात ‘सभासद जमिनीपासून किती उंचीवर असतात’ या ओळीपुढे काय लिहावे हा प्रश्न उरतो. सभासदाकडून ‘माझ्या जबाबदारीवर’ असे लिहून घेतले की झाले, ही समजूतही खरी नाही; व्हर्जिनिया आणि लुईझियानासारख्या राज्यांत दुखापतीच्या बाबतीत असे कागद टिकत नाहीत. पुरलेला मल्लखांब तर विचारातही घेऊ नये. अलकापुरीत त्या खांबाला लावलेल्या एरंडेलाचे डाग लाकडी फरशीवर कसे बसले आहेत ते आपण रोज पाहता. भाड्याच्या जागेत तो डाग अनामत रकमेतून वसूल होतो. मुद्गल आणि गदा मात्र नक्की ठेवाव्यात, कारण दिसताक्षणी आपला स्टुडिओ वेगळा वाटतो तो त्यांच्यामुळे. वजने किलोग्रॅममध्ये कोरून घ्यावीत, एकाच कारागिराकडून घ्यावीत, आणि मुठीचा घेर दोन मापांत करावा. आपल्याकडच्या गदेची मूठ लहान हाताच्या बायकांना पुरेशी पकडता येत नाही, हे मला मंगळवारी वर्गानंतर शेल्फवरची गदा उचलून पाहताना जाणवले.

प्रदेशाविषयी करारात एवढे असावे की तो पिनकोडांच्या यादीने लिहिलेला असेल, किलोमीटरने नव्हे, आणि ठरल्या मुदतीत ठरलेले स्टुडिओ उघडले नाहीत तर तिथला एकाधिकार आपोआप संपेल. लेस्टरच्या कुटुंबाला लेस्टर शहर द्यावे, इंग्लंड देऊ नये. सहीच्या आधी नवरा-बायको दोघांनीही वडोदऱ्याला येऊन सहा आठवडे राहावे, त्यातले दोन आठवडे सकाळी दार उघडण्याची पाळी त्यांच्याकडे द्यावी. मी सांगितल्यावर एका ग्राहकाने हे केले तेव्हा दहाव्या दिवशी घेणारेच परत गेले, आणि दोन्ही घरांचे बरेच पैसे वाचले.

पुढचे तीन महिने आपण पुस्तिका आणि नावाची नोंदणी यांवर घालवावेत, आणि मांजलपूरला आठवड्यातून एकदाच जावे. त्यानंतर मी पुन्हा एकदा तिथल्या ६ च्या बॅचला येईन. दिवस कळवणार नाही. ज्या बाईंची कंबर धरते त्या पहिल्या रांगेत उजवीकडे उभ्या दिसल्या आणि शटर ५ वाजून ५० मिनिटांनी वर गेलेले असले, तर त्याच दुपारी आपण इंदूरच्या कराराचा मसुदा काढायला बसू.